त्यानं नेलं

गडचिरोलीच्या विक्री मेळाव्यात आम्ही सकाळपासून टेबलामागं उभ्या होतो. पुढ्यात वाळलेल्या मोहफुलांची ताटं, आणि मधोमध कलाबाई, दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखी. बचत गटाची अध्यक्ष तीच. मी रंजीता, तिची शेजारीण आणि गटाची सचिव. बोलायला मी मोकळी होते, पण मेळाव्यासाठी आम्हाला शिकवणारे प्रफुल सर म्हणाले होते, "अध्यक्षच बोलतील. एका मिनिटात कहाणी सांगायची. हसून."

कलाबाई वर्षभर हसली नव्हती. रडलीही नव्हती. मागच्या चैतात तिचा नवरा पोचू झाडाखाली वाकून फुलं वेचत होता, तेव्हा वाघानं मागून धरला. ज्या घरचं माणूस असं जातं, त्या घरात आमच्याकडं वाघाचं नाव घेत नाहीत. 'त्यानं नेलं', एवढंच म्हणतात. तेव्हापासून गटानं झाडांखाली जाळ्या बांधल्या. फुलं जाळीत पडतात, कोणाला वाकावं लागत नाही. पण आज कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर गट मोडायचा असं बायांनी ठरवलं होतं. म्हणजे पुन्हा जिची तिची टोपली, आणि पुन्हा एकटीनं वाकणं. मला त्याचीच धास्ती होती.

पहिला आला मोहर्लीकडच्या एका रिसॉर्टचा साहेब. नजर मोबाईलवर.

"मागच्या वर्षीचं काय?"

"मागच्या साली त्यानं नेलं," कलाबाई म्हणाली.

"म्हणजे तुमचा व्यापारी ठरलेला आहे! मग आम्हाला कशाला उभं करता?"

मी तोंड उघडेपर्यंत ताटातल्या फुलांवर कार्ड टाकून गडी पुढच्या टेबलावर. असा राग आला! त्याच्यामागून तिघं आले. प्रश्न त्यांचे, उत्तरंही त्यांचीच. कलाबाई समोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

जेवणानंतर बाबूभाई आले. मूल गावचे जुने व्यापारी, धानाचे आणि मोहाचे. एक फूल उचलून त्यांनी दाताखाली धरलं.

"रेती नाई लागून राह्यली, बाई."

आणि तिच्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. दिवसभरात असं कोणी केलं नव्हतं.

"जाळीत पडते," कलाबाई म्हणाली.

"जाळी कायले?"

"वाकाव नाई लागत." मग ताटातली फुलं सारखी करत, "मागच्या साली मानसाले नेलं त्यानं."

बाबूभाईंचा फोन वाजला. त्यांनी न बघताच तो बंद केला.

"कुठी?"

"नाल्याजवळच्या झाडाखाली. टोपली अर्दी भरली होती. एक चप्पल सापडली, एक नाई. टोपलीतले फुलं म्या धुतले, वाळवले. काय करू, पडूनच होते ना."

रेशनची रांग सांगावी तशा आवाजात ती सांगत होती. आमची भिंतीला भिंत, आणि मला त्या टोपलीचं ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

बाबूभाईंनी कार्ड दिलं नाही, भाव विचारला नाही. मान हलवून निघून गेले. मी म्हटलं, गेलं हेही.

गट मोडायची बैठक व्हायच्या आतच, आठव्या दिवशी ते टेम्पो घेऊन गावात हजर. कलाबाई पोती दाखवायला उठली, तर म्हणाले, "आंदी झाड दाखवा." नाल्यापर्यंत चालत गेले. जाळ्या अजून बांधलेल्याच होत्या. एक जाळी फाटली होती, तिच्यातून त्यांनी बोटं घालून पाहिली.

परत आल्यावर अंगणातच उभे राहिले.

"बाई, तुमचा सारा माल मी ने..."

आणि थांबले. सगळ्या जन्मात हजारदा बोललेला शब्द असेल तो त्यांचा. त्यांनी तो गिळला.

"माल मी उचलतो. जाळ्या बांधसान तोपर्यंत, दरसाली."

कलाबाईनं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. वर्षभरात ती कोणालाही 'बस' म्हणाली नव्हती, मलासुद्धा नाही. तिनं आतून पोचूची खाट ओढत आणली.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "चाय मांडतो."