धरलंय की!

असत्य बोलू नये, हे पाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तोल सावरायला शिकणाऱ्या मुलामागे धावणारा माणूस "धरलंय, धरलंय" म्हणतो आणि हात मात्र काढून घेतो, तेव्हा त्या वाणीला कोणत्या पंक्तीत बसवावे, हे आयुष्यभर शास्त्र वाचूनही मला निश्चयाने सांगता येत नाही. आपले लेकरू वाचावे ही इच्छा धर्म्य. त्याला वाचवताना दुसऱ्याच्या उंबरठ्यावर मृत्यू नेऊन ठेवू नये, हेही तितकेच धर्म्य. शरणप्पावर ही दोन्ही ओझी एकाच दुपारी आली.

शके १८४६ चा पौष. सोलापुरात प्लेग शिरला आणि आम्ही पेठेतली घरे मोकळी टाकून शहराबाहेरच्या माळावर झोपड्या घालून राहिलो. माझ्या शेजारची झोपडी शरणप्पाची. सुताचा व्यापारी, सायकलवरून विणकरांच्या दारी सूत पोचवणारा. पत्नी मागच्या साथीत गेलेली. घरात दहा वर्षांची सावित्रम्मा तेवढी. माळ सपाट आणि दिवस रिकामे, म्हणून बापाने मुलीला सायकल शिकवायला घेतली. दांड्याखालून पाय घालून ती पायडल मारी; शरणप्पाचा एक हात सीटवर, दुसरा तिच्या पाठीवर.

"बिडब्याड, अप्पा! सोडू नको!"

"धरलंय की!"

पलीकडे चुलीपुढे बसलेली गंगम्मा हसे. "शरणप्पा, ही लग्नात नवऱ्याला मागं बसवून आणंल बघ!"

"आणू दे की. वरातीचं घोडं वाचंल."

सावित्रम्मा मागे वळून पाही, हात सुटलेला दिसे, आणि त्याच क्षणी ती पडे. असे रोज होई.

शहर सोडताना धान्य बरोबर नेऊ नका, असे सर्वांना बजावलेले होते. शरणप्पाला मात्र ज्वारीचे एक पोते मागे टाकवले नाही. एका सकाळी त्याच पोत्यामागे उंदीर मरून पडलेला दिसला. गंगम्माने आपली मुले आत ओढली आणि झोपडीच्या दाराचे कुडाचे ताट लावून घेतले. त्यानंतर माळावर हसणे ऐकू आले नाही.

थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, शरणप्पा माझ्या दाराशी आला आणि दूरच उभा राहिला. कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती. डावा हात अंगापासून दूर धरलेला.

"शास्त्रीबुवा, काखेत गाठ आलीय."

"मुलगी?"

"तिचं अंग थंड हाय. आज हितनं गेली तर वाचंल."

अक्कलकोटच्या सडकेवर, सहा कोसांवर, तिच्या मामाचा मळा होता. उंदीर पडल्यापासून एकही गाडीवाला या झोपडीकडे फिरकत नव्हता. पायी जावे, तर लांडग्यांच्या माळावरच दिवस मावळला असता. राहिली सायकल.

मी म्हणालो, "मामाच्या घरी लहान मुले आहेत, शरणप्पा."

"म्हणून तर पाठ करून घेतलंय. घरात शिरायचं न्हाई. विहिरीपाशी थांबून हाक मारायची. मामा, आमच्याकडं उंदीर पडला, अप्पाला गाठ आली, मला शेतातल्या खोपीत वेगळी ठेव." त्याने आपल्या झोपडीकडे पाहिले. "म्हणून दाखवलं तिनं. रडली न्हाई."

त्या दुपारी त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. धुतलेल्या उपरण्याचे टोक सीटला अडकवून तेवढेच धरले आणि तो धावू लागला. तापाने पावले वेडीवाकडी पडत होती.

"धरलंयस का, अप्पा?"

"धरलंय की!"

"सोडू नको हां!"

"धरलंय!"

उपरणे केव्हाच सुटून धुळीत पडले होते. शरणप्पा मटकन खाली बसला, पण बसल्या जागेवरूनही ओरडत राहिला. सावित्रम्माने माळाच्या कडेच्या बाभळीला वळसा घातला, आणि समोर बाप दिसला.

"अप्पा, तू हितं? मग सीट कोण धरलंय?"

पुढचे चाक लचकले. आपल्या दारातून पाहणाऱ्या गंगम्माने तोंडावर पदर घेतला.

"खाली बघू नको! घंटी वाजव, साऊ! वाजवतच जा!"

ती पडली नाही. तिने हँडल बापाकडे वळवले. त्याने तळहात पुढे करून तिला अडवले. गाठीचा तो हात वर करताना त्याच्या तोंडून निघालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

"हिकडं न्हाई. सडकेला."

चाक क्षणभर घुटमळले. मग ते वळले, आणि घंटी वाजू लागली.

शरणप्पा झोपडीच्या दाराशी आडवा झाला. डोळे मिटून तो घंटी ऐकत होता. सावल्या लांबल्या. सडकेवरची धूळ बसली.

"वाजतीय का?" त्याने विचारले.

माळावर वाऱ्याखेरीज काही नव्हते. उंदीर पडल्यापासून त्या दाराकडे न आलेली गंगम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो त्याच्या हाताशी ठेवला आणि थोड्या अंतरावर बसली.

"वाजतीय की," ती म्हणाली. "लई जोरात."

त्या संध्याकाळचे माझे मागणे अजून तेच आहे: त्या लेकराला दिवस मावळण्यापूर्वी विहीर दिसो. तिची हाक ऐकणाऱ्याच्या मनात भय असले तरी दया अधिक असो. मामाच्या घरची मुले सुखरूप राहोत. आणि ज्या दोघांनी त्या दिवशी दुसऱ्यासाठी असत्य जिभेवर घेतले, त्यांना शिव शांती देवो.