आकडा वाढत होता

वीज परत आली तशी उर्वशीनं पलंगाशेजारच्या पंपावर वाकून पाहिलं. स्क्रीनवर औषधाचा आकडा शून्यापासून पुन्हा वाढत होता. सिरिंजचा दट्ट्या मात्र जागचा हलला नव्हता. बाभुळगावजवळ कपाशीवर रोजानं फवारणी करताना तिचे वडील, पंजाबराव, कोसळले होते. त्या हंगामात सगळा वॉर्डच फवारणीच्या रोग्यांनी भरला होता. विषावरचं औषध त्यांना या पंपातून जात होतं. आता त्यांच्या तोंडाला परत फेस येऊ लागला.

विमलताई सिस्टरांनी येऊन स्क्रीन पाहिली. पंप चालू आहे, म्हणाल्या.

"स्क्रीन नका पाहू, सिस्टर," उर्वशी म्हणाली. "सिरिंज पाहा."

विमलताईंनी सिरिंज काढून हातानं औषध दिलं, डॉक्टरांना बोलावलं. दुपारी पंजाबराव गेले.

पुण्यात उर्वशी असल्याच पंपांचे प्रोग्रॅम तपासायची. प्रोग्रॅम चुकणार नाही, हे गणितानं सिद्ध करणारं एक साधन होतं. मुख्य प्रोग्रॅमला पंप कुठल्या कंपनीचा ते ठाऊक नसे; त्याला दिसे तो फक्त इंटरफेस, म्हणजे पंपानं पाळायचा करार. कराराला स्वतःची आठवण नसते. म्हणून तिनं त्यात एक कल्पित आकडा लिहिला होता, 'आतापर्यंत खरोखर गेलेलं औषध', आणि प्रत्येक पंपानं आपला हिशेब त्याच्याशी जुळवून दाखवावा अशी अट घातली होती. एकही पंप जुळेना. वीज गेली की ते सारं विसरत. मुदत जवळ आली तेव्हा वरिष्ठ नयनसरांच्या सांगण्यावरून तिनं अट काढली. मग पंपापर्यंत हुकूम पोचतो एवढंच सिद्ध झालं. दवाखान्यातला पंप दुसऱ्या कंपनीचा होता. खोट तीच.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर तिनं गावाहूनच अट परत घालून कंपनीला पाठवली. सगळे पंप पुन्हा नापास झाले.

नयनसरांचा फोन आला. वडिलांबद्दल त्यांनी मनापासून विचारपूस केली. ती अटीबद्दल सांगत राहिली. त्यांनी ऐकून घेतलं.

"उर्वशी, तू आत्ता विचार करायच्या स्थितीत नाहीस. सुट्टी घे. पुढचं मी बघतो."

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. सगळं सिद्ध झालं होतं, माल रवाना होत होता. करारातली कुठली ओळ काढली गेली, हे तिनं उघडून पाहिलं नाही.

"काय म्हणते वं तुहे सायेब?" आईनं, तुळसाबाईनं, विचारलं.

"सगळं बराबर हाये म्हणते, माय."

तुळसाबाईनं मान हलवली.

"तुह्या कामात चूक नसतेच," ती म्हणाली. "तुहा बाप सांगत जाय सगळ्याईले."