टवका काढून भिजवा

"घरात माणूस आहे की नाही, हे दार न वाजवताच ठरवलंत साहेब? आणि वर घरच पेटवून दिलंत?"

बियाणे बँकेच्या नव्या साहेबांच्या दारात मावशी उभ्या होत्या. हातात कचऱ्याची बादली. लेकीच्या बाळंतपणाला दहा-बारा दिवस रजा काय घेतली, परत येऊन बघतात तो एकेचाळीस डब्यांतलं बी भट्टीत गेलेलं. का, तर म्हणे उगवण शून्य.

मावशींनी एकतीस वर्षं तिथल्या थंड खोलीत काढली होती. खोली अशी गार, की चुकून आत शिरलेली एक माशी तीन वर्षं भिंतीला चिकटून होती. मेली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली. मावशींनी तिला उन्हात नेऊन ठेवलं, तर तिने आधी घसा खाकरला आणि मग उडाली. यावर हसलेलं मावशींना चालायचं. शंका घेतलेली चालत नसे.

त्यांच्या खिशात कायम नेलकटर. स्वतःची नखं मात्र दातांनीच कुरतडायच्या. नेलकटर बियांसाठी. काही रानबियांची कातडी इतकी निबर, की पाणी महिनाभर दाराशी ताटकळलं तरी आत घेणार नाहीत. कडेचा एवढासा टवका उडवला, की घटाघटा पितात.

"तपासणी शास्त्रोक्त झालीय," साहेब म्हणाले. "दहा दिवस ओल्या टीपकागदावर ठेवलं होतं. एकालाही मोड नाही. मेलेल्या बियांनी जागा का अडवायची?"

"टवका काढला होतात?"

"कसला टवका?"

"डब्यावर लिहिलं होतं की! 'टवका काढून भिजवा.' माझ्या हाताने."

साहेब हसले. "ती चिठोरी होय? ती काढून छापील लेबलं लावली मी. काय ते गिचमिड अक्षर, मावशी!"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या ओरडल्या नाहीत. बादलीतून त्यांनी तपासणीची फेकून दिलेली, भट्टीतून वाचलेली एकुलती एक ताटली काढली. रानवाटाण्याचे दहा दाणे. हा वाटाणा देणाऱ्या म्हातारीचं गाव धरणात बुडालं, मागोमाग म्हातारीही गेली. डबाभर होता, आता जगात एवढाच. साहेबांच्याच टेबलावर मावशींनी कट्‌ कट्‌ दहा टवके उडवले, ओल्या कागदावर दाणे मांडले आणि बजावलं, "हात लावाल तर याद राखा."

तिसऱ्या दिवशी सात दाण्यांना मोड आले.

साहेब उड्या मारतच थंड खोलीत आले. "कमाल केलीत मावशी! वर अहवाल धाडतो. 'आमच्या केंद्राने मेलेलं बी जिवंत केलं.' चला, फोटो काढू."

"मेलं होतं कुठे? झोपलं होतं. मेली ती बाकीची, आणि ती तुम्ही मारलीत. हे घाला अहवालात."

"असं कसं लिहिणार?"

"का? तुमचं अक्षर तर छान आहे ना?"

फोटोत साहेब एकटेच आले.

दुपारी मावशींनी मोड आलेल्या सात दाण्यांना सात कुंड्या दिल्या. मग थंड खोलीत जाऊन रानवाटाण्याचा डबा पुसला आणि छापील लेबलाखाली पेनाने लिहिलं : टवका काढून भिजवा. उरलेले चाळीस रिकामे डबे त्यांनी पुढ्यात ओढले. एकेकाचं नाव मोठ्याने वाचलं, त्याच्याखालीही तेच लिहिलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा पुन्हा त्याच्या जागी ठेवला.