दुसरा त्रिकोण

समीक्षा पाण्यावर आली, तोंडातली नळी काढली आणि मान हलवली. "चिखल आसा, फाटकी जाळी आसत. इंजिन नाय."

जेटीवर जमलेल्या माणसांनी रुकय्याकडे पाहिलं. जेटीपासून नव्व्याण्णव मीटर, ही जागा तिनेच काढून दिली होती. एकतीस वर्षं ती ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होती, आणि गावाला तिच्या गणिताची गरज पडली ती आज पहिल्यांदाच.

काल पहाटे दाट धुकं उतरलं, म्हणून तिचा थोरला भाऊ नुरुद्दीन याने आपली होडी खाडीत नांगरलेल्या एका ट्रॉलरला पन्नास मीटर दोराने बांधली. ओहोटीने दोर ताणला, होडीला हिसका बसला आणि ढिल्या बोल्टांतून इंजिन निसटून बुडालं. त्याला दोनच दिवे दिसत होते. समोर जेटीचा, पाठीमागे पलीकडच्या मिनाराचा. होडी नेमकी त्या दोघांच्या रेषेत होती. पण किती अंतरावर, ते धुक्यात समजेना. ट्रॉलर तर सकाळी निघूनही गेला. त्याच्या तांडेलाने फोनवर सांगितलं, "आमी जेटीपासून ऐंशी मीटरवर होतो. पाण्याच्या टाकीच्या रेषेत."

रुकय्याने जेटीवरून मिनार आणि टाकी यांच्यामधला कोन मोजला. तीस अंश. दोन बाजू हाताशी होत्या, एक कोन होता. साइनचा नियम लावून तिने वहीच्या पाठकोऱ्या पानावर उत्तर काढलं होतं.

"कागदावरच्या बांगड्याचा कालवण होणा नाय," नुरुद्दीन हळूच म्हणाला. बहिणीला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं. पण खाऱ्या पाण्यात इंजिनाचा दुसरा दिवस चालू होता, आणि त्याच्याशिवाय होडी म्हणजे नुसतं लाकूड.

समीक्षा शिडीवरून वर आली. पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवणं हा तिचा धंदा, आणि एके काळी ती रुकय्याच्याच वर्गात बसलेली.

"मॅडम, साइन किती इलो?"

"शून्य पूर्णांक आठ."

"म्हणजे कोन त्रेपन्न. आणि दुसरो?"

रुकय्याने वही पुन्हा उघडली.

"सराव परीक्षेत ह्याच गणितात तुमी माझो एक मार्क कापलात," समीक्षा पाणी निथळत म्हणाली. "वर लाल पेनान लिवलात, कोष्टकात एकच कोन गावता, दुसरो आपण शोधूचो."

रुकय्याने कपाळावर हात मारला आणि मग तिला हसूच आवरेना. "चुकलंय गो मी. एकशे सत्तावीस."

"म्हणजे काय?" नुरुद्दीनने विचारलं.

"भाई, दोर ताणलेलो, पण तो तुझ्या रेषेक दोन जाग्यांर लागता. एक लांब, एक जवळ. मी लांबचीच धरलंय."

"जवळची किती?"

तिने पेनने भराभर आकडे मांडले. "एकोणचाळीस मीटर."

नुरुद्दीनने समोरच्या पाण्याकडे पाहिलं. "हयच? नाकासमोर?"

समीक्षाने पुन्हा बुडी मारली. बुडबुडे एका जागी थांबले. रुकय्या ओढणीच्या टोकाला तळहात पुसत राहिली. मग पाण्यातून एक हात वर आला आणि त्याने दोर मागितला.

चौघांनी ओढून इंजिन वर घेतलं. पंख्यात अडकलेला एक खेकडा रागाने बाहेर पडला, तशी जेटीवर हशा पिकला. नुरुद्दीनच्या बायकोने गोड्या पाण्याच्या कळशा आणल्या, कुणीतरी मेकॅनिकला फोन लावला. समीक्षाने पाठीवरची टाकी उतरवली आणि ती आपल्या मॅडमच्या शेजारी जाऊन बसली.

इंजिनावर शेवटची कळशी ओतून झाल्यावर नुरुद्दीन बहिणीपाशी आला.

"तुझो तो त्रिकोण माका दाखय बघू. सावकाश."

रुकय्या उकिडवी बसली. कोळशाच्या तुकड्याने तिने सिमेंटवर जेटी काढली, ट्रॉलर काढला, मिनाराकडे जाणारी रेघ ओढली. ऊन डोक्यावर आलं होतं. नुरुद्दीनने छत्री उघडून तिच्यावर धरली. तिचा हात रेघेवरून दुसऱ्या त्रिकोणाकडे सरकला, तशी तोही छत्री हळूच तिकडे सरकवत गेला, आणि स्वतः उन्हात उभा राहून एकेक गोष्ट नीट ऐकत राहिला.