आरशात दिसलेला माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. सध्या मी अकरा तुकड्यांत आहे, पण बोलायला तेवढं पुरतं.

माझा जन्म नायजेरियातल्या इलोरीन गावचा. तिथल्या बायका उपड्या ठेवलेल्या जुन्या माठाच्या पाठीवर ओली माती थापून नव्या माठाचा तळ घडवतात. मग त्यावर वळ्या चढवतात, सावलीत सुकवतात आणि गवताच्या ढिगात उघड्यावर भाजतात. बिंपेच्या आजीने मला तिथून लागोसला आणलं. बारिगा या गरीब वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात, एका कोपऱ्यात ओल्या वाळूवर मी बसलो. माझं काम साधं होतं. अंगातून थोडं पाणी झिरपू द्यायचं. ते वाऱ्यावर उडून जाई आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाई. वीज गेली की शेजारपाजारचे पेले घेऊन येत. "फ्रिजला या माठाची सर नाही," असं शेजारचा शिंपी म्हणायचा. धूळ जाऊ नये म्हणून आजी माझ्या तोंडावर पांढरं फडकं बांधायची. आजी गेल्यावर बिंपेच्या आईने तो नेम चालू ठेवला.

बिंपे मोठी झाली आणि मोबाईलवर प्रसिद्ध झाली. नऊ लाख लोक तिला बघत. लेक्कीच्या श्रीमंत वस्तीतला बंगला, पांढरी मोठी गाडी, हातात नोटांच्या गड्ड्या. मित्रांनो, बंगला दिवसाच्या भाड्याने घेतलेला असे आणि गाडी तासाच्या. गड्डीतली वरची नोट तेवढी खरी. बारिगाच्या घरातली एकच भिंत तिने रंगवून घेतली होती. तिच्यासमोर उभं राहून ती बोलायची. शेजारी सोनेरी चौकटीचा आरसा. बाकीचं घर पडद्याआड होतं. मीसुद्धा.

एका दुपारी पंख्याच्या वाऱ्याने पडदा सरकला आणि मी आरशात दिसलो. फक्त चार सेकंद.

कोलापो हाही तिच्यासारखाच मोबाईलवरचा प्रसिद्ध माणूस. त्याने ते चार सेकंद थांबवून मोठे करून दाखवले. "हे बघा, मी आरोप करत नाही हं. मी फक्त विचारतोय. कोपऱ्यात मडकं, वर पांढरं फडकं. बाईसाहेब, एवढा पैसा येतो कुठून? त्या मडक्याला खायला काय घालता?"

माणसाचा बळी देऊन मडक्यातून पैसा काढता येतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. त्यामुळे त्याला यापुढे काही बोलावंच लागलं नाही. बाकीचं लोकांनी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून पेला घेऊन कुणी आलं नाही.

बिंपेची धाकटी बहीण मोरेनिके हिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. लग्नात सगळ्या नातेवाइकांनी एकाच कापडाचे कपडे घालायची आमची रीत. निळं कापड वाटून झालं होतं. मंगळवारी मावशीने ते न कापता परत पाठवलं. बुधवारी आणखी चार घड्या आल्या. गुरुवारी नवऱ्या मुलाच्या आईचा फोन आला. "मुलगी गुणाची आहे हो, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आधी घराचं नाव साफ करा, मग तारखेचं बोलू."

फोन ठेवून आई बिंपेकडे वळली. "अगं, सांगून टाक की गाडी भाड्याची आहे. पैसाच नाही म्हटल्यावर त्यासाठी बळी कोण कशाला देईल?"

"आणि उद्या खायचं काय? जाहिराती श्रीमंत बाईला मिळतात, आई."

"बघू काहीतरी. आधी कांदे विकायचे, परत विकीन."

"चेटकीण म्हटलं तर लोक निदान घाबरतात. भिकारडी म्हटलं की हसतात."

"हसू देत ना, ताई," मोरेनिके म्हणाली. "माझ्यासाठी एकदा हसू देत."

बिंपे उठून माझ्या कोपऱ्याशी आली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माठच फोडून दाखवते. आत काही नाही हे सगळ्या जगाला दिसेल."

शुक्रवारी तिने पुन्हा तो बंगला भाड्याने घेतला. खऱ्या घरात फोडलं असतं तर खरं घर दिसलं असतं. अंगणात मोबाईल उभा केला. माझ्यातलं पाणी ती लोकांसमोर प्यायली, उरलेलं फरशीवर ओतलं आणि मला दोन्ही हातांनी उचलून आपटलं. अकरा लाख लोक बघत होते.

माझ्या पोटात काहीच नव्हतं. पण जाडीच्या मधोमध मी काळा होतो. उघड्यावर भाजलेल्या मातीत आतपर्यंत हवा पोहोचत नाही. मातीतला पालापाचोळा पुरता जळत नाही आणि त्याचा कोळसा तिथेच राहतो. माझ्यासारखे कितीतरी माठ आतून काळे असतात.

"जळकं रक्त!" कुणीतरी लिहिलं. "बघा, प्यायली कशी बेधडक!" दुसऱ्याने लिहिलं. कोलापो म्हणाला, "मी अजूनही आरोप करत नाही. पण निर्दोष माणूस पुरावा फोडेल का?"

आईने माझे तुकडे पिशवीत भरून घरी आणले. शनिवारी नवऱ्या मुलाच्या घरून निळ्या कापडाची त्यांची घडी परत आली. बरोबर चिठ्ठीसुद्धा नव्हती. मोरेनिके रडली नाही. ती पिशवीपाशी बसली, एक तुकडा उचलला, त्याच्या काळ्या कडेवरून बोट फिरवलं आणि तो नाकाशी नेला.

"ताई," तिने हळूच विचारलं, "आजी यात दुसरं काही ठेवायची का गं कधी?"

बिंपेने तिच्याकडे पाहिलं.

मित्रांनो, भाजलेली माती पुन्हा मऊ होत नाही. मला सांधायचा उपाय मला तरी ठाऊक नाही. पण तुमच्या घरात अजून काही फुटलं नसेल, तर ते जपा. जे घडलंच नाही ते घडलं नाही हे सिद्ध करून दाखवा, असं कुणी म्हणालं, तर घरातलं काही फोडायला जाऊ नका. त्या माणसाला आतला रिकामेपणा दिसत नाही. त्याला कडेचा काळा रंग तेवढा दिसतो. आणि हळूहळू घरच्यांनाही तोच दिसू लागतो.