शालूबाईंची भुवई

"आबा, झाली की आजी! अजून काय राहिलंय?" सृष्टीनं खांद्यावरून वाकून विचारलं.

 रेघा फिसकटू नयेत म्हणून तळहाताखाली घेतलेला कोरा कागद बाजूला सारून दत्तोबा दोन पावलं मागे झाले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. समोरच्या चित्रात त्यांची बायको होती. कपाळ तेच, कानापाशी सुटलेली बट तीच, गालावरची सुरकुतीसुद्धा तीच. आणि तरीही ही बाई दत्तोबांच्या ओळखीची नव्हती.

"ही ती न्हाई," ते पुटपुटले.

"मोबाइलमध्ये बघा ना. डिट्टो आहे."

तेच तर! डिट्टो होती आणि ती नव्हती. आता अशा वेळी माणसानं डोकं कुठं आपटायचं?

परवा, गुरुवारी, शालूबाईंचं वर्षश्राद्ध. मुलगा राजेंद्र म्हणाला होता, फोटो मोठा करून आणू, कामशेतला तासाभरात मिळतो. दत्तोबा हटून बसले. "समद्या सुदुंबऱ्याची गेलेली माणसं मी काढली, आन् माझ्या बायकूला मशिनीतनं काढू व्हय?" गोष्ट खरी होती. एकतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात काढली. आधी ड्रॉइंग ऑफिसात. कॉम्प्युटर आल्यावर साहेबानं त्यांना स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं. नोकरीतली पेन्सिल सुटली, हातातली सुटली नाही. गावातल्या निम्म्या घरांत हाराच्या आतून बघणारे चेहरे त्यांच्याच हातचे होते.

शालूबाईंचा मात्र एकही नव्हता. "माझं बी काढा की येकदा," ती म्हणायची. "मग बस गप घडीभर," हे म्हणायचे. घडीभर गप बसायला तिला उसंत कधी मिळाली? फोटो काढायचा म्हटलं की पदर तोंडावर. धड असा एकच. सगळे पवनानगरला भाचीकडे गेले असताना सृष्टीनं तिच्या गळ्यात हात टाकून धरणाच्या काठावर सेल्फी घेतली होती. त्यातून सृष्टीनं स्वतःला कापून टाकलं आणि उरलेली आजी आबांच्या हवाली केली.

त्या फोटोवर तीन आठवडे गेले. दत्तोबांची पद्धत संथ. आधी कडक पेन्सिलीनं फिक्या रेघा, त्या वाळूवरच्या पावलांइतक्या हलक्या, मग त्यांवर जरा मऊ पेन्सिल, मग त्याहून मऊ. गाल जिकडे वळेल तिकडे रेघ वळायची. सृष्टीनं व्हिडिओ दाखवला, त्यात एक बाई बोटानं घासून गाल गुळगुळीत करत होती. दत्तोबांनी तोंड वाकडं केलं.

"घासलं की तोंडाचं पीठ व्हतं, पोरी. रेघंवर रेघ बसवायची. सावली तिची ती येती."

सावली आली होती, पण शालू काही आली नव्हती. त्यांनी डोळ्यांखालचा काळोख वाढवून पाहिला. ओठांची कड जरा उचलली. तिळमात्र फरक नाही. मग त्यांची नजर भुवईवर अडकली. लग्नानंतर दोनच वर्षांनी धार काढताना गाईचं शिंग लागून शालूबाईंची एक भुवई मधोमध तुटली होती. चित्रातही तुटलेली होती, फोटोबरहुकूम. पण ही त्याच बाजूची भुवई का?

दत्तोबांनी डोळे मिटले. बेचाळीस वर्षं जिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली, तिची कुठली भुवई तुटकी होती ते काही केल्या आठवेना. त्यांना आधी नवल वाटलं, मग भीती वाटली, आणि शेवटी इतकी लाज वाटली की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

बुधवारी स्वयंपाकाच्या तयारीला शालूबाईंची धाकटी बहीण हौसाबाई कामशेतहून आली. दत्तोबांनी तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही.

"हौसा, ताईची तुटकी भुवई कुटली गं?"

"ही की," तिनं स्वतःच्या उजव्या भुवईला बोट लावलं.

"म्हंजी तिची उजवी?"

"आवो, ती माझ्यासमोर बसायची, म्हंजी..." हौसाबाईनं बोट दुसऱ्या भुवईवर नेलं, परत आणलं. सृष्टीला समोर बसवलं, तिच्या कपाळावर हात ठेवून पाहिला, मग उठून तिच्या शेजारी बसून पाहिलं. "उजवी. न्हाई, थांबा, डावी. अगं बाई, चक्करच यायला लागली! दाजी, जल्म तुमी काढला तिच्यासंगं, आन् मला इचारताय?"

ती सहज बोलून गेली. दत्तोबांना ते खोल लागलं.

संध्याकाळी त्यांना ऑफिसातली जुनी खोड आठवली. ड्रॉइंग साहेबाकडे धाडण्याआधी ते आरशात बघायचे. बघून बघून डोळा चुकीला सरावतो. आरशात तेच नवं दिसतं, वाकडी रेघ लगेच सापडते. स्वयंपाकघराच्या दारापाशी शालूबाईंचा वीतभर आरसा अजून खिळ्यालाच होता, कडेला दोन टिकल्या चिकटवलेल्या. तो काढून दत्तोबांनी चित्रासमोर धरला.

आणि आरशात शालू होती.

भुवई जागेवर होती. हसू जागेवर होतं. काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखी ती बघत होती. दत्तोबा भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

सृष्टी धावत आली. तिला सगळं उमगायला मिनिटभर लागलं. "आबा, सॉरी. माझा फोन सेल्फी उलटीच सेव्ह करतो, आरशातल्यासारखी. माझ्या लक्षातच नाही आलं. आता?"

"आता काय? तीन आठवड्यांचं काम येका रातीत व्हतंय का?"

"मग फोटो सरळ करून मोठा आणू? सकाळी पप्पा आणतील."

दत्तोबा बराच वेळ चित्राकडे आणि आरशाकडे आळीपाळीनं बघत राहिले. रोज सकाळी ती या आरशासमोर उभी राहून टिकली लावायची. ते मागे बुटाच्या नाड्या बांधत, बस चुकेल म्हणून ओरडत. म्हणजे तिला तिचा चेहरा जन्मभर असाच दिसला होता, कागदावर होता तसा. मग याला चुकीचं कसं म्हणायचं? आणि बरोबर म्हणावं, तर आपली शालू कुठली? त्यांना काही सुधरेना.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माझं काढा म्हणायची ती. हे तिचंच हाय, तिला दिसायचं तसं."

गुरुवारी चित्राला हार चढला. जो येई तो म्हणे, हुबेहूब. दत्तोबांनी सकाळीच समोरच्या भिंतीत खिळा ठोकून वीतभर आरसा टांगला होता. नैवेद्य दाखवताना सगळे चित्राकडे हात जोडून उभे राहिले. दत्तोबा तेवढे चित्राकडे पाठ करून.

"दाजी, हिकडं तोंड करा की," हौसाबाई हळूच म्हणाली.

ते वळले नाहीत. सृष्टी गर्दीतून निघाली, आबांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि आरशाकडे बघून तिनं हात जोडले.