कॅमेऱ्याला दिसेल असा लाल

दोन साडूंनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच जातीचे दोन कॅमेरे घेतले, आणि पुढे एकाही फोटोविषयी त्या दोघांचे एकमत झाले नाही. कॅमेरा तळहातावर मावेल एवढाच. खटका दाबला की लेन्स कासवाच्या मानेसारखी बाहेर येई. धाकटा साडू चष्म्यांचे दुकान चालवी. त्याने बायकोचे, सासूबाईंचे आणि शेजारच्या मांजराचे फोटो काढून काढून कॅमेरा भरून टाकला होता, आणि असे यंत्र पुन्हा होणे नाही, असे तो भेटेल त्याला ऐकवी. थोरला साडू दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि आपल्याला उस्ताद का म्हणतात, अशी शंका त्याला स्वतःला कधी शिवली नव्हती. कॅमेऱ्याविषयी त्याचे मत एका वाक्यात संपे: याला लाल दिसत नाही.

बॅटरी टिकते, अक्षरांच्या कडा स्वच्छ येतात, हे तो नाकारीत नव्हता. खोटे बोलून भांडण जिंकण्यात त्याला रस नसे. पण ज्या एका गोष्टीसाठी त्याने कॅमेरा घेतला, तीच त्याला साधत नव्हती. उस्तादचा लाल हा डब्यातून निघणारा लाल नव्हे. दोन लाल, नखभर तपकिरी आणि आणखी एक थेंब, कशाचा ते तो बायकोलाही सांगत नसे, यांतून हा लाल सिद्ध होई. पाहणाऱ्याला तो प्रथम गडद वाटे, आणि पाहता पाहता आतून उजळे. कॅमेऱ्यात मात्र त्याची भाजकी वीट होऊन बाहेर पडे. रंग जुळवायला कॅमेऱ्यात उन्हाचे चिन्ह लावा, ढगाचे लावा, दिव्याचे लावा. विटेची जात बदले, वीट जात नसे.

“लालच तर दिसतोय, साडूबुवा,” चष्मेवाला म्हणे.

“तुम्ही लोकांना चष्मे देता,” उस्ताद म्हणे, “देव त्यांचं भलं करो.”

इतके दिवस हा वाद जेवणानंतरची करमणूक होता. पण मग व्हायोलिनवाल्या बाईंचा ईमेल आला, आणि करमणूक उस्तादच्या गळ्याशी आली.

शहरभर आता छापील फलक झाले होते. रात्रीतून छापायचे, सकाळी चिकटवायचे, फाटले की फेकायचे. हाताने रंगवलेली पाटी मागणारे गिऱ्हाईक उस्तादच्या कारखान्यात वर्षभर फिरकले नव्हते. आणखी एक हंगाम असाच कोरडा गेला, तर छापखान्यात फलक चिकटवण्याची नोकरी धरायची, हे त्याने बायकोला कबूल केले होते. कबूल करताना त्याने मान खाली घातली नव्हती, एवढेच. अशा वेळी दुसऱ्या गावातल्या, वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी विचारणा केली होती: दाराच्या माथ्यावर हाताने लिहिलेली लांब पाटी हवी, अक्षरे गडद लाल हवीत. नमुन्याचा फोटो पाठवा.

उस्तादने पत्र्यावर पांढरट अस्तर देऊन एक शब्द लिहिला. तो शब्द लिहिताना आपला हात जरासुद्धा जड झालेला नाही, हे त्याचे त्यालाच कळले, आणि छाती दोन बोटे फुगली. फोटो गेला. उत्तर सभ्य होते. अशी अक्षरे मी कुठेच पाहिली नाहीत, बाईंनी लिहिले होते. पण लाल फार विटकरी आहे. मला जुन्या व्हायोलिनच्या पाठीसारखा हवा. तसा तुमच्याकडे होत नसेल, तर मोकळेपणी सांगा.

होत नसेल! उस्ताद ते वाक्य चालता चालता पुटपुटू लागला.

कॅमेऱ्याचा दोष आहे, असे सरळ लिहून टाका, असे बायकोचे म्हणणे पडले. ती त्याच्यापेक्षा शहाणी होती आणि हे दोघांनाही माहीत होते. पण शहाणपण ऐकण्याचाही मुहूर्त असतो. त्याने तिला बजावले की नाचता येईना म्हणून अंगण वाकडे म्हणणारे लोक त्याने जन्मभर हसण्यावारी नेले. आता त्यांच्याच पंगतीला जाऊन बसायचे काय? कॅमेऱ्याला आपला लाल दिसत नसेल, तर कॅमेऱ्याला दिसेल असा लाल आपण करू.

आणि तो खरोखर कामाला लागला. पत्र्यावर नवा शब्द, रंगात निळ्याचा एक थेंब, फोटो, पडद्यावर नजर, पुन्हा एक थेंब. निळ्याने भागेना, तेव्हा काळा आला. पत्र्यावरची अक्षरे लालाची तपकिरी झाली, तपकिरीची जांभळट, आणि शेवटी जून वांग्याच्या सालीसारखी. आणि त्याच घटकेला कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर उस्तादचा लाल अवतरला. अगदी तोच. आधी गडद, मग आतून उजळणारा. उस्तादने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि कुस्ती मारल्यासारखा श्वास सोडला. ज्या यंत्राने त्याला महिनोन्महिने खोटे पाडले, त्याच्याच तोंडून त्याने खरे वदवून घेतले होते.

बायकोने एकदा पत्र्याकडे पाहिले, एकदा पडद्याकडे.

“आणि बाईंनी पत्रा बघितला तर?”

उस्तादने कुंचला धुवायला घेतला. चष्मेवाला संध्याकाळी आला, फोटो पाहून त्याने साडूची पाठ थोपटली आणि तुमचा रंग बराच सुधारला, असा शेरा मारला. त्याला चहा मिळाला नाही.

फोटो पाठवला. बाईंचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले: हाच रंग; मी तुमच्याच बाजूला येते आहे, तर पाटीचे बोलून टाकू. उस्तादने हा ईमेल वाचला तेव्हा दुपार उलटली होती, आणि तो वाचून होतो न होतो तोच बाई दारात उभ्या होत्या. खांद्याला वाद्याची पेटी, केस पिकलेले, चाल घाईची. वांगी रंगाचा पत्रा भिंतीला टेकून समोरच होता. लपवायला वेळ नव्हता.

बाई त्याच्यापाशी गेल्या. वाकून अक्षरांच्या कडा पाहिल्या, मग सरळ झाल्या.

“हा माझा नमुना?”

“हो.”

“फोटोत लाल होता.”

उस्तादच्या जिभेवर एक वाक्य आयते येऊन बसले होते: वाळल्यावर रंग काळवंडतो, पाटीवर तसे होणार नाही. कोणीही विश्वास ठेवला असता. आतल्या दारात उभ्या असलेल्या बायकोलाही वाटले, की आता हा तेच बोलेल आणि काम हातचे जाणार नाही. पण रंगाविषयी खोटे बोलणे उस्तादच्या हाडात नव्हते. काम गेले तर छापखाना होताच. रंगावर खोटे बोलून मिळवलेल्या पाटीखालून मात्र त्याला ताठ मानेने जाता आले नसते.

“ही पाटी तुमच्यासाठी नाही, बाई,” तो म्हणाला. “कॅमेऱ्यासाठी रंगवलीय.”

मग त्याने कपाटातून आपला डबा काढला, झाकण उघडले, कुंचला बुडवला आणि वांगी शब्दाच्या खाली तोच शब्द पुन्हा लिहिला. एकही ओळ न आखता, हात न टेकता. शेवटचे वळण पुरे झाल्यावर त्याने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि फोटो काढायला सांगितले. बाईंनी काढला. पडद्यावर वरचा शब्द सुरेख लाल होता आणि खालचा शब्द भाजकी वीट. बाईंनी पडदा पाहिला, पत्रा पाहिला, पुन्हा पडदा पाहिला. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथे आरसाच लबाड निघाला होता.

“म्हणजे तुमचा रंग मला दाखवायला तुम्ही तुमचाच रंग बिघडवलात?”

“बिघडवला नाही. कॅमेरा जेवढा चुकतो, तेवढं आधीच भरून दिलं.”

बाई स्टुलावर बसल्या आणि हसू लागल्या. ते हसू टिंगलीचे नव्हते, हे उस्तादला जरा उशिरा कळले. तोवर त्याचे कान तापले होते. त्यांनी सांगितले, की लांबची गिऱ्हाइके फोनवर व्हायोलिन ऐकवा म्हणतात. फोनला खालच्या तारेचा खर्ज ऐकूच जात नाही. मग त्या गज रेटून, तार कण्हेपर्यंत वाजवतात, तेव्हा कुठे पलीकडे बरे ऐकू येते.

“दुकानात तसं वाजवलं, तर माणूस उठून जाईल,” त्या म्हणाल्या.

“आणि गिऱ्हाईक दुकानात आलं की?”

“तेव्हा जसं आहे तसं वाजवते. विकते तेच.”

उस्तादने मान हलवली. आयुष्यात फार थोड्या माणसांपुढे त्याने अशी मान हलवली होती. मग हे पहिल्याच ईमेलमध्ये का लिहिले नाही, असे बाईंनी विचारले, तेव्हा तो छताकडे पाहू लागला, आणि उत्तर आतल्या दारातून आले.

“सरळ सांगितलं असतं, तर उस्ताद कसले?” बायको म्हणाली, आणि चहा ठेवायला वळली.

बाई पुन्हा पत्र्यापाशी गेल्या. खालचा शब्द ओला होता. खिडकीतला उजेड त्यावर तिरपा पडला होता, आणि तो लाल प्रथम गडद दिसून मग हळूहळू आतून उजळत होता. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. पाटी याच रंगात करा, असे त्यांनी सांगितले. दाराच्या माथ्यावरची, आणि बाजूच्या गल्लीकडे एक लहान, अशा दोन. मग त्यांना एक शंका आली.

“पण आता ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा. लोक दुकानाचे फोटो काढणार. त्यात ही वीटच दिसेल ना?”

“दिसेल,” उस्ताद म्हणाला. “ज्याला लाल बघायचा असेल, त्यानं दुकानापर्यंत यावं.”

“मला तरी दुसरं काय हवंय?” बाई म्हणाल्या, आणि पाटीची लांबी सांगू लागल्या.